उद्यमबागेतील कारखान्याचे प्रिंटर आणि सामायिक फोल्डर : प्रकल्प नोंदी

सोमवार, २३ जून २०२५

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपचे काम आज हाती घेतले. कारखाना लहान आहे. खाली संगणकावर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रे, शेजारी तपासणीची खोली, वर कार्यालय, फाटकाजवळ डिस्पॅचचे टेबल. एकूण सात संगणक आणि तीन प्रिंटर. बाहेरून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, मशीनिंग करायचे आणि त्यांतील काही भाग मधल्या टप्प्यावर हीट ट्रीटमेंटसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पाठवायचे, असा येथील कामाचा ओघ आहे. निपाणी ओलांडून गाडी कोगनोळीच्या पुढे गेली की राज्य बदलते. जॉबवर्कसाठी, म्हणजे बाहेरून काम करून घेण्यासाठी, माल दुसऱ्या राज्यात पाठवताना त्याची किंमत ५०,००० रुपयांच्या आत असली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) करावेच लागते आणि चलनाच्याही, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाच्याही, तीन प्रती लागतात : एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची आणि एक आपली. गेल्या शुक्रवारी हे चलन छापून निघेना म्हणून भरलेली गाडी पावणेदोन तास फाटकात उभी राहिली. मालकांनी मला बोलावले ते त्यामुळे.

तक्रार मला एका वाक्यात सांगण्यात आली : प्रिंटर चालत नाही. एवढ्यावरून काम सुरू करणे मला योग्य वाटले नाही, म्हणून सकाळचा सारा वेळ प्रत्येकाच्या टेबलाशी बसून ऐकण्यात घालवला. लेखा विभागातील काका म्हणाले, "माझी प्रिंट माझ्या प्रिंटरवर येते, पण फाटकावरच्या प्रिंटरवर कधीच जात नाही." डिस्पॅचवरचा मुलगा म्हणाला की त्याची प्रिंट वरच्या लेझर प्रिंटरवर कधी जाते आणि कधी जात नाही, वीज जाऊन आली की हमखास जात नाही. तपासणीच्या अक्कांची तक्रार प्रिंटरची नव्हतीच. त्यांना ड्रॉइंगचे फोल्डर उघडता येत नव्हते आणि गेले सहा महिने त्या पेन ड्राइव्हवर ड्रॉइंग आणून काम भागवत होत्या. नवा लॅपटॉप घेतल्यापासून मालकांनाही ते फोल्डर दिसत नाही.

एका वाक्याच्या तक्रारीत किमान चार वेगळे दोष आहेत, असे दुपारपर्यंत माझे मत झाले. एका दिशेने चालणे आणि दुसऱ्या दिशेने न चालणे हा एक प्रकार. कधी चालणे, कधी न चालणे हा दुसरा. अजिबात न उघडणे हा तिसरा. आणि नव्या यंत्रावरच न उघडणे हा चौथा. यांची कारणे सहसा एक नसतात. म्हणून आज कुठेही काही बदलले नाही. कोणती केबल कुठून कुठे जाते, कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणता प्रिंटर कोणत्या मार्गाने जोडला आहे, याचा नकाशा तेवढा कागदावर काढला. आधी आलेल्या कारागिराने यापूर्वी तीनदा दुरुस्ती केली आहे; तिची नोंद कोणाकडेच नाही.

मंगळवार, २४ जून २०२५

नकाशाने पहिला दोष दाखवला. कार्यालयात इंटरनेट पुरवणाऱ्याचा राउटर आहे आणि तो १९२.१६८.१ या मालिकेतील पत्ते वाटतो. तळमजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी स्टोअरच्या माळ्यावर दुसरा राउटर बसवला गेला. वरून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या जोडणीच्या खाचेत) खोचली आहे आणि तो स्वतःचे पत्ते १९२.१६८.० या मालिकेत वाटतो. अर्थात एका छपराखाली दोन जाळी (नेटवर्क) तयार झाली आहेत : वरची मंडळी एका जाळ्यात, तर डिस्पॅच आणि तपासणी दुसऱ्या.

डिस्पॅचच्या लॅपटॉपवरून लेखा संगणकाला पिंग केले, म्हणजे तो गाठता येतो का हे पाहणारी हाक दिली, तेव्हा उत्तर आले. लेखा संगणकावरून डिस्पॅचला पिंग केले तेव्हा उत्तर आले नाही. हे असेच होणार. दुसरा राउटर आपल्या मागच्या यंत्रांची विनंती स्वतःच्या पत्त्याने पुढे नेतो आणि तिचे उत्तर आत आणून देतो. बाहेरून आपणहून आलेली विनंती मात्र आत कोणाकडे न्यायची हे त्याला ठाऊक नसते, म्हणून ती दारातच थांबते. काकांची प्रिंट फाटकावर कधीच न पोहोचण्याचे कारण हे आहे. शिवाय नावाने यंत्र शोधण्याची हाक त्याच जाळ्यापुरती फिरते, ती राउटर ओलांडत नाही. म्हणून डिस्पॅचला लेखा संगणक नावाने कधीच दिसला नाही आणि कोणीतरी तेथे अंकांचा पत्ता टाकून प्रिंटर जोडून दिला होता. तो पत्ता होता १९२.१६८.१.२०. आज लेखा संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ आहे. राउटर बंद होऊन चालू झाला की पत्ते नव्याने वाटले जातात आणि पहिला पत्ता परत मिळेलच असे नाही. कधी चालण्याचे आणि कधी न चालण्याचे निदान एक कारण तर सापडले.

दुरुस्ती कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत केली. क्रम महत्त्वाचा होता. आधी दुसऱ्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद केली, मग त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि नंतरच वरची केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये (आतल्या जोडणीच्या खाचेत) घातली. हा क्रम उलटा झाला असता तर एकाच जाळ्यात दोन वाटपकर्ते उभे राहिले असते आणि कोणत्या यंत्राला कोणाकडून पत्ता मिळेल हे सांगता आले नसते. आता दुसरा राउटर राउटर म्हणून काम करत नाही. वाय-फाय देणारा स्विच (यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) एवढीच त्याची भूमिका उरली आहे. पाहुण्यांसाठी म्हणून त्यावर सुरू असलेले वेगळे वाय-फायही बंद केले, कारण त्यावर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना पाहू दिले जात नाही आणि डिस्पॅचचा लॅपटॉप नेमका कधीतरी त्यावर जोडला जात असे.

वरच्या राउटरमध्ये १०० ते १९९ हे क्रमांक वाटपासाठी ठेवले, आणि लेखा संगणकासाठी २० ते २९ मधील पत्ता राखून ठेवला. संध्याकाळी सातही संगणकांवरून एकमेकांना पिंग करून पाहिले. सात गुणिले सहा म्हणजे बेचाळीस वाटा. त्यांतल्या चोवीस उघडल्या. उरलेल्या अठरांचा विचार परवा करायचा आहे.

गुरुवार, २६ जून २०२५

अठरा बंद वाटा तीन यंत्रांशी येऊन थांबत होत्या. तिन्ही यंत्रांवर विंडोजने या जाळ्याला सार्वजनिक जाळे मानले होते, आणि जाळे सार्वजनिक ठरले की यंत्र आपले अस्तित्व लपवते. बसस्थानकावरच्या वाय-फायसाठी ते बरोबरच आहे. कारखान्याच्या जाळ्यासाठी ते खासगी असे बदलले आणि फाइल व प्रिंटर शेअरिंगची फायरवॉलमधील (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीतील) परवानगी खासगी जाळ्यापुरती दिली. वाटा उघडल्या.

लेखा संगणकावर याच्या नेमके उलट आढळले : तेथे फायरवॉल पूर्ण बंद होती. प्रिंट जात नाही म्हणून कोणीतरी ती बंद केली, प्रिंट तरीही गेली नाही आणि फायरवॉल मात्र तशीच राहिली. ज्या संगणकावर साऱ्या कारखान्याचा हिशेब आहे तो किमान काही महिने असा उघडा होता, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. मी तो दोष त्या कारागिराच्या हेतूवर लादत नाही. एखादी गोष्ट तपासण्यासाठी फायरवॉल पाच मिनिटे बंद करणे हा उपाय सगळेच करतात. ती परत चालू करायची असते आणि त्यासाठी केलेला बदल लिहून ठेवायचा असतो. आज ती चालू केली, आणि फाइल शेअरिंगचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे आत येण्याचे ठरलेले दार, खासगी जाळ्यातूनच उघडा आहे याची खात्री करून घेतली.

यादीत यंत्रे दिसण्याबाबत एक गोष्ट नमूद करतो. नेटवर्कच्या खिडकीत नाव न दिसणे म्हणजे यंत्र गाठता न येणे नव्हे. नाव दिसण्यासाठी पार्श्वभूमीला चालणारी एक वेगळी सेवा लागते, आणि ती दोन यंत्रांवर बंद होती. ती आपोआप सुरू होईल अशी मांडणी केली. तरीही लोकांना यादीत शोधण्याची सवय न लावता प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर थेट मार्गाचा शॉर्टकट ठेवणार आहे. यंत्रांची नावेही बदलली. संगणकांच्या कंपनीकडून आलेली अक्षर-अंकांची नावे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. आता लेखा-१, लेखा-२, डिस्पॅच, तपासणी, डिझाइन-१, डिझाइन-२ आणि मालक अशी नावे आहेत. संगणकात ती रोमन लिपीत आणि पंधरा अक्षरांच्या आत ठेवली आहेत, कारण जुन्या पद्धतीच्या नावशोधाला त्यापुढची अक्षरे दिसत नाहीत.

शनिवार, २८ जून २०२५

आज प्रश्न ओळखीचा होता. वाट मोकळी झाली, पण दारावर नाव विचारले जाते आणि दिलेले उत्तर मान्य होत नाही.

लेखा-१ वर पासवर्डच नाही. काका सकाळी यंत्र सुरू करतात आणि थेट कामाला लागतात. विंडोजचा मूळ नियम असा आहे की पासवर्ड नसलेल्या खात्याने फक्त त्या यंत्रासमोर बसूनच आत जाता येते, जाळ्यातून नाही. त्यामुळे डिस्पॅचवर कितीही वेळा काकांचे नाव टाकले तरी दार उघडणार नव्हते. मालकांचा लॅपटॉप चार आकडी पिनने उघडतो आणि ते तोच पिन दुसऱ्या यंत्राच्या खिडकीत टाकत होते. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यात खात्याचा खरा पासवर्डच चालतो. हे समजावून सांगितल्यावर मालक म्हणाले की गेले चार महिने आपण हाच पिन टाकत आहोत आणि चूक आपली आहे की यंत्राची, हे कोणी सांगितले नाही. विंडोजच्या त्या खिडकीत तसे कुठे लिहिलेलेही नसते.

यावर दोन उपाय होते. एक, पासवर्डाशिवाय सर्वांना प्रवेश देणारी सोय चालू करणे. ती पाच मिनिटांत झाली असती. दुसरा, ज्या यंत्रावर सामायिक वस्तू आहे तेथे प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र खाते उघडणे. मी दुसरा निवडला आणि मालकांना त्याचे कारण सांगितले. सर्वांना मोकळे ठेवलेल्या फोल्डरमधून एखादी फाइल गेली तर ती कोणाच्या हातून गेली हे कधीच कळत नाही, आणि संशय मात्र सर्वांवर येतो. लहान कारखान्यात, जिथे माणसे पंधरा-वीस वर्षे एकमेकांबरोबर काम करतात, तिथे हे नुकसान फाइलपेक्षा मोठे आहे.

खाती उघडताना एका अडचणीत अर्धा तास गेला. डिस्पॅचवर नवे नाव आणि पासवर्ड बरोबर टाकूनही एकाच वापरकर्त्याने दोन नावांनी जोडणी करता येत नाही, अशी त्रुटी येत राहिली. जुनी जोडणी जुन्या नावाने पार्श्वभूमीत जिवंत होती. नेट यूजच्या आज्ञेने सर्व जोडण्या तोडल्या, नावे-पासवर्ड साठवणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील जुनी नोंद पुसली आणि नवी लिहिली. मग दार लगेच उघडले. ही नोंद सातही यंत्रांवर तपासली. चार यंत्रांवर जुनी नावे सापडली.

परवानग्यांचे काम बाकी होते. सामायिक फोल्डरवर दोन ठिकाणी परवानगी द्यावी लागते : एक शेअरिंगच्या पानावर आणि दुसरी सिक्युरिटीच्या पानावर. या दोहोंतील जी अधिक कडक असेल ती लागू होते. तपासणीच्या अक्कांना शेअरिंगमध्ये पूर्ण अधिकार होता आणि सिक्युरिटीमध्ये काहीच नव्हता, म्हणून फोल्डर दिसत होते पण उघडत नव्हते. आता डिझाइनच्या दोघांना लिहिण्याचा आणि तपासणी, डिस्पॅच यांना केवळ वाचण्याचा अधिकार दिला आहे.

सोमवार, ३० जून २०२५

आज मुख्य लेझर प्रिंटर. तो लेखा-१ ला यूएसबीने जोडलेला होता आणि तेथून सामायिक केलेला होता. डिस्पॅच आणि डिझाइन येथून जोडताना ०एक्स०००००११बी ही त्रुटी येत होती. मला ती ओळखीची आहे. जानेवारी २०२१ च्या सुरक्षा सुधारणेने सामायिक प्रिंटरशी होणाऱ्या संवादाची संरक्षणपातळी वाढवली आणि सप्टेंबर २०२१ पासून ती सक्तीची झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलर सेवेतील मोठी उणीव जगभर गाजली होती, आणि ऑगस्टपासून सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारी आज्ञावली) बसवण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागू लागला. डिस्पॅचवरच्या मुलासमोर पासवर्ड मागणारी खिडकी येत होती ती त्यामुळे. लहान कार्यालयांतील पुष्कळ जुन्या जोडण्या त्या काळात तुटल्या.

लेखा-१ च्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींत, ही सक्ती शून्य करून ठेवलेली आढळली. म्हणजे आधीच्या कारागिराने संरक्षण काढून वाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला होता, पण ड्रायव्हरच न बसल्यामुळे तेवढ्याने काम झाले नाही. मला हा मार्ग पुढे न्यायचा नव्हता. म्हणून प्रिंटर फिरवून त्याची मागची बाजू पाहिली. तेथे रबरी टोपणाखाली नेटवर्क केबलचा पोर्ट होता, आणि यंत्र घेतल्या दिवसापासून तो वापरलाच गेला नव्हता.

त्यानंतरचे काम सोपे होते. स्विचपासून प्रिंटरपर्यंत चार मीटरची केबल टाकली, राउटरमध्ये प्रिंटरसाठी २० ते २९ मधील एक पत्ता राखून ठेवला, प्रत्येक संगणकावर टीसीपी-आयपी पोर्ट (प्रिंटरच्या पत्त्याशी थेट जोडणी) तयार केला आणि ९१०० या क्रमांकाने प्रिंट थेट प्रिंटरकडे जाईल अशी मांडणी केली. ड्रायव्हर सातही ठिकाणी मी स्वतः बसवला. आता मध्ये कोणताच संगणक यजमान नाही. काका सुट्टीवर असले आणि लेखा-१ बंद असला तरी डिस्पॅचची प्रिंट निघेल; याआधी काका आले नाहीत की कारखान्याची छपाई बंद, अशी स्थिती होती. रजिस्ट्रीतील तो शून्य काढून टाकला.

दोन यंत्रांवर प्रिंटर ऑफलाइन दिसत राहिला, जरी चाचणीचे पान निघत होते. पोर्टच्या मांडणीत एसएनएमपीने स्थिती विचारण्याची खूण होती आणि हा प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नव्हता. खूण काढताच स्थिती नीट दिसू लागली. तपासणी खोलीतील लहान प्रिंटर आपोआप शोधून जोडल्या जाणाऱ्या पोर्टवर होता. तोही याच पद्धतीने टीसीपी-आयपी पोर्टवर आणला.

बुधवार, २ जुलै २०२५

फाटकावरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा पूर्ण दिवस. कार्बनच्या तीन प्रती एकाच ठोक्यात काढायच्या तर लेझर उपयोगी नाही, म्हणून हा प्रिंटर बदलण्याचा विचार मालकांनी करू नये असे मी सुचवले. त्याला नेटवर्क पोर्ट नाही, तो डिस्पॅचच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला आहे आणि त्याला सामायिक करण्यावाचून मार्ग नाही. लेखा-१ वर त्याचा ड्रायव्हर प्रशासकाच्या खात्याने बसवला. रजिस्ट्रीला हात न लावता जोडणी झाली. पण लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपतो आणि प्रिंटर अदृश्य होतो. वीज जोडलेली असताना झाकण मिटले तरी जागे राहावे अशी मांडणी केली.

खरा त्रास कागदाच्या मापाचा निघाला. सलग कागदाचे पान बारा इंचांचे आहे आणि ड्रायव्हर ए-फोर मानून चालला होता. ए-फोरची लांबी साधारण ११.७ इंच असते, म्हणून प्रत्येक चलनामागे मजकूर थोडा थोडा वर सरकत जाई आणि दहाव्या चलनाला गाडीचा क्रमांक छिद्रांच्या रेषेवर येई. डिस्पॅचचा मुलगा दर चार पानांनी कागद हाताने सरकवत होता आणि त्याला ते प्रिंटरचे म्हातारपण वाटत होते. प्रिंट सर्व्हरच्या मांडणीत दहा गुणिले बारा इंचांचे नवे माप तयार केले, ते दोन्ही संगणकांवर निवडले आणि सलग पंचवीस चलने काढली. मजकूर जागचा हलला नाही.

पक्षकारांची काही नावे मराठीत आणि काही कन्नडमध्ये आहेत. ती प्रश्नचिन्हांच्या रूपात उमटत होती. या प्रिंटरच्या अंगच्या अक्षरसाच्यात देवनागरी किंवा कन्नड नाही, म्हणून वेगासाठी निवडलेली मजकूर पद्धत येथे चालत नाही. ती नावे चित्र म्हणूनच छापावी लागतात आणि छपाई मंद होते. तोडगा असा काढला की चलन मजकूर पद्धतीने रोमन लिपीत निघेल आणि कामगारांना द्यायच्या सूचना लेझरवर दोन्ही लिपींत निघतील. गतीसाठी आपल्या लिपीवर ही तडजोड करावी लागली याची मला खंत आहे, पण गाडी उभी असताना एका चलनाला चार मिनिटे लागणे परवडणारे नाही.

शुक्रवार, ४ जुलै २०२५

ड्रॉइंग एका जुन्या नेटवर्क हार्ड डिस्कच्या पेटीवर होती. ती पेटी फाइल शेअरिंगची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी-१, अजूनही वापरते आणि कोणालाही पासवर्ड विचारत नाही. मालकांच्या नव्या विंडोज ११ वर असा संदेश येत होता की संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार अनोळखी पाहुण्यांचा प्रवेश बंद आहे. मालक मला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आम्ही असले कुठलेच धोरण केलेले नाही." ते खरे होते, धोरण विंडोजचे होते. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीपासून पाहुण्या प्रवेशाला मूळातच मनाई आहे आणि फाइल देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची आहे, आणि पाहुण्याला सही करता येत नाही. एसएमबी-१ तर २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये सहसा मूळात बसवलेले नसते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातील उणिवेवर फैलावला होता. आमच्या इतर पाच संगणकांवर ते नंतर मुद्दाम चालू केलेले आढळले.

ती पेटी निवृत्त करायचे ठरले. वेगळा सर्व्हर घेण्याची गरज नाही, कारण साध्या विंडोजवर एका वेळी वीस जोडण्या चालतात आणि येथे सात यंत्रे आहेत. डिझाइन-१ मध्ये नवी डिस्क बसवून विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेने सर्व फाइली मूळ तारखांसकट उतरवल्या. तारखा टिकणे अत्यावश्यक होते आणि त्याचे कारण लगेच समोर आले.

अक्कांच्या पेन ड्राइव्हवरील ड्रॉइंग आणि पेटीतील ड्रॉइंग यांची तुलना केली तेव्हा एकोणीस भागांच्या दोन वेगवेगळ्या प्रती निघाल्या. त्यांतील तीन भागांत ग्राहकाने माप बदलून नवे रिव्हिजन दिले होते आणि तपासणी जुन्या मापावर चालू होती. एका भागात बोअरच्या (आतल्या भोकाच्या) व्यासात चालणारा फरक, म्हणजे टॉलरन्स, निम्म्यावर आणलेला होता. गेल्या महिन्यात परत आलेल्या मालाचा अर्थ मालकांना तेव्हा कळला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. अक्का रडवेल्या झाल्या, आणि मी तेथेच सर्वांसमोर स्पष्ट सांगितले की यात त्यांची चूक नाही. मोठी वाट बंद झाली की पायवाटा पडतात. फोल्डर उघडत नसताना काम थांबू नये म्हणून त्यांनी पेन ड्राइव्हची पायवाट धरली, आणि सहा महिन्यांत कोणता कागद खरा हे कोणालाच सांगता येईनासे झाले. प्रिंट न निघणे डोळ्यांना दिसते आणि त्यावर ओरड होते. फोल्डर न उघडणे कोणाला दिसत नाही, म्हणून या कारखान्यात मी त्याला प्रिंटरपेक्षा वरचे स्थान देतो. संध्याकाळपर्यंत डिझाइनच्या दोघांनी आणि अक्कांनी बसून एकोणीसही भागांचे चालू रिव्हिजन निश्चित केले, जुनी ड्रॉइंग वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि ते फोल्डर तपासणीला दिसणार नाही असे केले.

पाचही संगणकांवरील एसएमबी-१ काढून टाकले. तपासणीचा संगणक विंडोज ७ वर आहे, कारण मोजमाप यंत्राचे सॉफ्टवेअर त्यापुढे चालत नाही. विंडोज ७ ला एसएमबी-१ ची गरज नाही. ते त्यापुढची २.१ ही आवृत्ती बोलते आणि सहीही करते. त्याला सुरक्षा सुधारणा जानेवारी २०२० पासून मिळत नाहीत, म्हणून त्याला कायमचा पत्ता दिला आणि गेटवेचा (बाहेर जाण्याच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवला. तो कारखान्यातील फोल्डर पाहू शकतो, इंटरनेटवर जाऊ शकत नाही.

शनिवार, ५ जुलै २०२५

सकाळपासून मुसळधार पाऊस. साडेदहाला वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. लेझर प्रिंटर पुन्हा सापडेना. सोमवारच्या नोंदीत मी लिहिले होते की प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला आहे. तो उपाय अपुरा होता. वीज येताच प्रिंटर अर्ध्या मिनिटात जागा झाला, राउटरला मात्र दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. पत्ता देणारे कोणी नाही असे पाहून प्रिंटरने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतला आणि तो त्यावरच बसून राहिला. डिस्पॅचच्या मुलाने पहिल्याच दिवशी विजेचा उल्लेख केला होता. त्याचे निरीक्षण अचूक होते आणि मी त्याचा पुढचा अर्थ तेव्हाच काढायला हवा होता.

लेझर आणि तपासणीचा, अशा दोन्ही नेटवर्क प्रिंटरना त्यांच्या स्वतःच्या मांडणीतच कायमचे पत्ते दिले, वाटपाच्या मालिकेबाहेरचे. राउटर आणि स्विचसाठी लहान यूपीएस आणवला. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये असे त्यावर लिहून चिकटवले, कारण त्याचा तापणारा भाग क्षणात इतका प्रवाह ओढतो की लहान यूपीएस बंद पडतो. नंतर विजेचा मुख्य स्विच दोनदा मुद्दाम बंद करून चालू केला. दोन्ही वेळा हे दोन्ही प्रिंटर आपापल्या पत्त्यावर परत आले.

उद्या आषाढी एकादशी आणि रविवार, कारखाना बंद आहे. सोमवारी मी येणार नाही. माझ्याशिवाय एक दिवस पूर्ण चालू देऊन पाहायचे आहे.

मंगळवार, ८ जुलै २०२५

कालच्या दिवसात शिरोलीला दोन गाड्या गेल्या. डिस्पॅचच्या वहीनुसार दोन्हींचे कागद दहा मिनिटांच्या आत निघाले. बेचाळीस वाटांची चाचणी पुन्हा केली आणि या वेळी इंटरनेट नसलेल्या तपासणी संगणकासह सर्व उघड्या होत्या.

पत्ते, खाती, परवानग्या आणि गेल्या दोन आठवड्यांतील प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत लिहून ती मालकांकडे दिली. पासवर्ड वहीत नाहीत. ते मालकांच्या कपाटात बंद पाकिटात आहेत. प्रिंट अडली तर आधी काय पाहायचे याचा एक कागद मराठीत आणि कन्नडमध्ये छापून फाटकाजवळ लावला आहे, कारण रात्रपाळीचा पहारेकरी कन्नडच वाचतो आणि रात्रीची गाडी त्याच्याच हातून सुटते. कन्नड मजकूर स्टोअरच्या मुलाने लिहून दिला.

दोन कामे शिल्लक आहेत. चार संगणक विंडोज १० वर आहेत आणि त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो. त्यांपैकी दोन यंत्रे पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाहीत, त्यांचा अंदाजखर्च पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. दुसरे म्हणजे डिझाइन-१ वरील ड्रॉइंगची दुसरी प्रत. सध्या ती एकाच डिस्कवर आहेत. बाहेरची डिस्क आणून दर शनिवारी प्रत काढण्याचे काम अक्कांनी स्वतःहून मागून घेतले आहे. पहिली प्रत १२ तारखेला माझ्यासमोर काढायची आहे.